सरकारी मेडिकल: फॉर्मपासून वॉर्डापर्यंत

'नीट'चा निकाल लागला की घराघरांत एकच आकडा घोळत राहतो: 720 पैकी किती? 180 प्रश्न, बरोबर उत्तराला चार गुण, चुकलं की एक वजा, आणि निम्मे प्रश्न जीवशास्त्राचे. तो हिशोब परीक्षेच्या दिवशीच मिटलेला असतो. पुढचे दोन-तीन महिने जे चालतं ते मात्र अजून आपल्या हातात असतं, आणि नेमकी तिथेच चांगल्या गुणांची मुलंही अडकतात.

सरकारी महाविद्यालयातल्या 100 जागांपैकी 15 अखिल भारतीय कोट्यात जातात. त्यांचं काम दिल्लीची 'एमसीसी' पाहते. उरलेल्या 85 राज्याच्या, त्या मुंबईच्या सीईटी कक्षाकडून भरल्या जातात. नोंदणी दोन्हीकडे वेगळी, वेळापत्रक वेगळं, अनामत वेगळी. नीटचा अर्ज भरला म्हणजे सगळं झालं, असं समजून निवांत बसलेले पालक दर वर्षी असतातच.

राज्याच्या 85 जागांसाठी अधिवास प्रमाणपत्र तर लागतंच, शिवाय दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून उत्तीर्ण असावी लागतात. राजस्थानातल्या कोटा शहरात क्लाससाठी मुलं पाठवणाऱ्यांनी हे आधी वाचावं. क्लास कुठेही लावा. पण बारावीचा दाखला राजस्थानातल्या शाळेचा निघाला तर राज्याच्या कोट्यावर पाणी सोडावं लागतं. केंद्र सरकारी नोकरदारांच्या मुलांना काही सवलती आहेत. तशीच एक तरतूद सीमाभागातल्या 865 गावांतल्या मराठी मुलांसाठी आहे. जागा मोजक्या, पण बेळगाव-बिदरकडच्या घरांना त्या ठाऊक असायला हव्यात. लातूर-नांदेडकडच्या पालकांच्या तोंडी अजून '70:30'चा विषय निघतो. आपल्या विभागातल्या मुलांना 70 टक्के जागा देणारी ती पद्धत 2020 मध्येच रद्द झाली. आता राज्याची गुणवत्ता यादी एकच.

आरक्षणाचंही गणित दोन्हीकडे सारखं नाही. एमसीसी केंद्राची यादी पाहते, राज्य आपली. मराठा समाजातल्या मुलाला राज्यात एसईबीसीचं 10 टक्के आरक्षण लागू होतं. अखिल भारतीय कोट्यात तो खुल्या प्रवर्गात मोजला जातो. भटक्या-विमुक्तांना राज्यात स्वतंत्र प्रवर्ग आहेत, तर केंद्रात त्यातल्या बऱ्याच जमाती ओबीसीत येतात. म्हणून ओबीसीचा केंद्राच्या नमुन्यातला दाखला वेगळा काढावा लागतो.

सगळ्यात जास्त घोळ जात वैधतेचा. जातीचा दाखला तहसील किंवा प्रांत कार्यालयातून तुलनेने लवकर मिळतो. वैधता प्रमाणपत्र देते ती जिल्हा पडताळणी समिती, आणि ती आजोबा-पणजोबांच्या शाळेच्या दाखल्यापर्यंत, जुन्या महसुली नोंदीपर्यंत मागे जाते. एखाद्या कागदावर आडनावाचा एक काना कमी-जास्त निघाला की प्रतिज्ञापत्रं सुरू. अकरावी विज्ञानाला प्रवेश घेतल्यावर कॉलेजमार्फत हा अर्ज करता येतो आणि तेव्हाच करावा. निकालानंतर धावाधाव करणारे समितीच्या दारात रांगेत दिसतात आणि पहिली फेरी हुकते. नॉन-क्रिमिलेअरची मुदत 31 मार्चला संपते, हेही तारीख पाहून ठेवण्यासारखं.

मग येतो पसंतीक्रमाचा फॉर्म. माझ्या मते सगळ्या प्रक्रियेत सर्वांत जास्त विचार इथे करायला हवा, आणि होतो सर्वांत कमी. 'गेल्या वर्षी केईएमचा कटऑफ इतका होता, आपल्याला लागणार नाही, मग वर कशाला टाका?' असा सल्ला हमखास मिळतो. तो चुकीचा आहे. यंत्रणा तुमची यादी वरून खाली वाचते आणि तुमच्या गुणांना मिळू शकणारी पहिली जागा देते. वरचं कॉलेज मिळालं नाही म्हणून खालच्यावरचा हक्क कमी होत नाही. तेव्हा कटऑफ बाजूला ठेवून, हवं ते आधी. जिथे जायचंच नाही ते कॉलेज मात्र यादीत घालू नये.

पहिल्या फेरीत मिळालेली जागा घेऊन पुढच्या फेरीत वरचं कॉलेज मागता येतं. राज्याच्या प्रक्रियेत 'स्टेटस रिटेन्शन फॉर्म' भरला की तुम्ही आहे त्या जागेवर थांबलात. नाही भरला आणि पुढच्या फेरीत वरची पसंती लागली, तर पहिली जागा आपोआप जाते. 'नको, जुनीच बरी' म्हणायला वाव नसतो. फेऱ्या पुढे सरकतात तशी माघार महाग होते: आधी अनामत जाते, शेवटी पुढच्या प्रवेशावर बंदीपर्यंत येतं.

यादी लावायची कशावरून? सरकारी कॉलेजांची फी जवळपास सगळीकडे सारखी, पदवी नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाचीच, अभ्यासक्रमही एकच. फरक पडतो तो कॉलेजला जोडलेल्या रुग्णालयाने. पुण्याच्या बी. जे.ला ससून आहे, मुंबईच्या ग्रँटला जे. जे., सेठ जी. एस.ला केईएम, नागपूरच्या जीएमसीत तर विदर्भाबरोबर मध्य प्रदेश-छत्तीसगडातूनही रुग्ण येतात. 2024 मध्ये राज्यात 10 नवी सरकारी कॉलेजं सुरू झाली, गडचिरोली, वाशीम, हिंगोली, अंबरनाथ वगैरे. जिल्ह्याला त्यांची गरज होतीच. पण इमारत नवी, प्राध्यापकांच्या जागा भरत आलेल्या नाहीत, असा काळ प्रत्येक नव्या कॉलेजला काढावा लागतो. घराजवळ म्हणून ते वर टाकण्याआधी तिथल्या ओपीडीत एक सकाळ उभं राहून पाहावं.

कारण डॉक्टर घडतो तो वॉर्डात. पहिलं वर्ष शरीररचना, शरीरक्रिया आणि जीवरसायनाचं. डिसेक्शन हॉलमधला फॉर्मलिनचा वास, सीनियरकडून मागून आणलेला हाडांचा सेट, चौरसियाची शरीररचनेची जुनी पुस्तकं. मराठी माध्यमातून आलेल्या मुलांना पहिले काही महिने इंग्रजी जड जातं. मग सहसा रुळतात. पहिल्या वर्षाला चारच संधी. नापास झालं तर थोड्याच आठवड्यांत पुरवणी परीक्षा असते. तीही गेली की बॅच सुटते.

दुसऱ्या वर्षापासून रोजच्या पोस्टिंगा सुरू होतात. 'केस घेणं' म्हणजे काय ते तिथे कळतं. हृदयविकाराच्या रुग्णाला आडवं पडलं की दम लागतो का, हे जाणून घ्यायला पुस्तक सांगतं, किती उशा घेता ते विचारा. ससूनच्या वॉर्डातली आजी म्हणते, उशी कुठली बाळा, गोधडीची घडी घेते. मग घड्या किती, आधी किती होत्या, रात्री उठून बसावं लागतं का, असं तिच्या घरात शिरून विचारत जावं लागतं. मागे उभे असलेले सर काही बोलत नाहीत. पण वायवात नेमकं हेच विचारतात. एका खाटेभोवती किती विद्यार्थी उभे राहतात आणि खाटा किती, यावर हे शिक्षण अवलंबून असतं.

साडेचार वर्षांनंतर एक वर्ष इंटर्नशिप. विद्यावेतन मिळतं, राज्यात ते आता महिना 18,000 रुपये आहे.

खर्चाचं सांगायचं तर वार्षिक फी साधारण लाख-दीड लाखाच्या घरात. अभिमत विद्यापीठांत तीच वीस-पंचवीस लाखांवर जाते, म्हणून तर ही सगळी चढाओढ. सरकारी कॉलेजचे लाख-दीड लाखही सगळ्यांना भरावे लागत नाहीत. आठ लाखांच्या आत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या खुल्या प्रवर्गातल्या मुलांना शिक्षण शुल्कात निम्मी सवलत आहे; ओबीसी, एसईबीसी, ईडब्ल्यूएसमधल्या मुलींना, उत्पन्नाच्या त्याच अटीवर, 2024 पासून पूर्ण माफी. अनुसूचित जाती-जमातींसाठी वेगळ्या योजना आहेत. सगळ्यांचा मार्ग महाडीबीटी पोर्टलवरून जातो, अर्ज दर वर्षी नव्याने करावा लागतो आणि पैसे उशिरा येतात. तोवर मेस, पुस्तकं, गावी जाण्या-येण्याचं भाडं घरून लागतं. होस्टेल स्वस्त असतं, पण खोली पहिल्याच वर्षी मिळेल असं धरून चालू नये. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्त्याची चौकशी कॉलेजच्या विद्यार्थी विभागात प्रवेशाच्या दिवशीच करावी.

आणि फीच्या पावतीवर न दिसणारी एक रक्कम असते: बंधपत्र. सरकारी जागेवर शिकलेल्याने इंटर्नशिपनंतर एक वर्ष शासकीय सेवा द्यायची. वर्षानुवर्षं अनेकांनी दहा लाख भरून त्यातून सुटका करून घेतली; नंतर शासनाने ही वाट बंद करायला घेतली. त्यामुळे आज प्रवेश घेणाऱ्याने प्राथमिक आरोग्य केंद्रातलं ते वर्ष धरूनच साडेसहा वर्षांचा हिशोब मांडावा. पीजीच्या नीटची तयारी करत हे वर्ष काढणारे बरेच असतात. रुजू होण्याचा आदेश जपून ठेवावा, सेवा पूर्ण झाल्याचा दाखलाही. मूळ कागदपत्रं सोडवायला गेलं की कॉलेजच्या खिडकीवर आधी हेच दोन मागतात.