शस्त्रक्रियाकालीन तंत्रिका-निरीक्षण साधने

शस्त्रक्रिया चालू असताना रुग्णाच्या तंत्रिका (मज्जातंतू), मेरुरज्जू व मेंदू यांचे कार्य अबाधित आहे की नाही, हे विद्युत् संकेतांच्या आधारे पाहण्यासाठी वापरण्यात येणाऱ्या उपकरणांना ही संज्ञा लावतात. शुद्धीवर असलेल्या माणसाची तंत्रिका दाबली गेली, तर त्याला मुंग्या येतात वा अवयव लुळा पडल्याचे तो सांगतो. शुद्धिहरण केलेल्या (भूल दिलेल्या) रुग्णाच्या बाबतीत ही सूचना मिळत नाही. नाडी, रक्तदाब व श्वसन सर्वस्वी ठीक असतानाही त्याच्या पायांची शक्ती कायमची जात असू शकते आणि ते लक्षात येते तेव्हा शस्त्रक्रिया संपलेली असते. झालेली इजा उलटविता येईल इतक्या वेळात कळणे, ही या साधनांची खरी कसोटी आहे.

इतिहास : उघड्या तंत्रिकेला सौम्य विद्युत् प्रवाहाने उद्दीपित करून तिची ओळख पटविण्याची पद्धत जुनी आहे. जर्मन शस्त्रक्रियातज्ञ फेडोर क्राउझे यांनी १८९८ मध्ये श्रवण तंत्रिकेवरील शस्त्रक्रियेत आनन तंत्रिका (चेहऱ्याच्या स्नायूंची तंत्रिका) अशा प्रकारे ओळखली होती. कॅनडातील वाइल्डर पेनफील्ड यांनी १९३० नंतरच्या दशकात जागृत रुग्णांच्या मेंदूचे पृष्ठ उद्दीपित करून त्याचा नकाशा तयार केला. पेनफील्ड यांच्या माँट्रिऑल येथील संस्थेत शिकलेले जेकब चँडी यांनी १९४९ मध्ये वेल्लोर येथे भारतातील तंत्रिका-शस्त्रक्रियेचा पहिला विभाग सुरू केला. अपस्मारावरील (फेफऱ्यावरील) शस्त्रक्रिया तेथे १९५२ पासून होऊ लागल्या.

उद्दीपन व सतत निरीक्षण यांत मात्र फरक आहे. मेंदूत उमटणारा संवेदनेचा प्रतिसाद एक ते पाच मायक्रोव्होल्ट इतका क्षीण असतो व तो मेंदूच्या स्वतःच्या, त्याहून कितीतरी मोठ्या विद्युत् हालचालींत बुडून जातो. ब्रिटिश शास्त्रज्ञ जॉर्ज डॉसन यांनी १९५० च्या सुमारास एकच उद्दीपन शेकडो वेळा देऊन प्रतिसादांची सरासरी काढणारे यंत्र बनविले. उद्दीपनाशी जखडलेला प्रतिसाद प्रत्येक वेळी ठरावीक क्षणी येतो, म्हणून तो सरासरीत टिकतो. इतर गोंगाट यदृच्छ असल्याने परस्परांना खोडतो. गोंगाट पुनरावृत्तींच्या वर्गमुळाच्या प्रमाणात घटतो. म्हणजे ४०० प्रतिसादांच्या सरासरीत तो विसाव्या हिश्शावर येतो. पुढे संगणकामुळे हे काम शस्त्रक्रियागृहात करणे शक्य झाले.

निरीक्षणाची निकड प्रथम जाणवली ती पार्श्ववक्रतेच्या (पाठीचा कणा एका बाजूस झुकण्याच्या विकाराच्या) शस्त्रक्रियांत. वाकलेला कणा धातूच्या दांड्यांनी ताणून सरळ करताना आतील मेरुरज्जूही ताणला जातो. व्होझेल, स्टान्यारा व झुव्हँरू या फ्रेंच वैद्यांनी १९७३ मध्ये जागृती चाचणी सुचविली : कणा सरळ केल्यावर भूल हलकी करून रुग्णाला आधी हाताची मूठ वळावयास व मग पाय हलवावयास सांगावयाचे. मूठ वळली व पाय हलले नाहीत, तर ताण ताबडतोब कमी करावयाचा. चाचणी साधी व बिनखर्चाची आहे; परंतु ती एका क्षणापुरतीच खरी असते, आणि लहान मूल वा बहिरा रुग्ण यांच्या बाबतीत तिचा उपयोग होत नाही. त्याच दशकात जपानमध्ये तामाकी यांनी व अमेरिकेत नॅश व ब्राउन यांनी मेरुरज्जूतून जाणारे संकेत यंत्राने टिपण्यास सुरुवात केली.

प्रमुख पद्धती : संवेदी उद्दीपित वर्चस् (विद्युत् पातळी) या पद्धतीत मनगटाजवळील मध्य तंत्रिकेला किंवा घोट्यामागील तंत्रिकेला दर सेकंदास चार-पाच वेळा अल्प विद्युत् स्पंद देतात व डोक्याच्या त्वचेवरील विद्युत् अग्रांनी प्रतिसाद नोंदवितात. हाताकडून निघालेला संकेत मेंदूत सुमारे २० मिलिसेकंदांनी व पायाकडून निघालेला सुमारे ४० मिलिसेकंदांनी पोहोचतो. उद्दीपनाची वारंवारता ४.७ अशी मुद्दाम आडनिडी ठेवतात. ती ५ असल्यास वीजपुरवठ्याची ५० हर्ट्‌झची लहर दर वेळी त्याच जागी येऊन सरासरीत प्रतिसाद म्हणून मिरवते. परमप्रसर (लहरीची उंची) निम्म्यावर आला किंवा विलंबकाल दहा टक्क्यांनी वाढला, तर शस्त्रक्रियातज्ञास इशारा देतात. ३०० प्रतिसादांची सरासरी मिळण्यास एक मिनिटाहून अधिक काळ लागतो, हे मात्र विसरता येत नाही.

या पद्धतीत एक मूलभूत उणीव आहे. संवेदनेचे हे संकेत मेरुरज्जूच्या मागील स्तंभांतून वर जातात, तर हालचालीच्या आज्ञा बाजूच्या व पुढील भागांतून खाली येतात आणि त्या भागाचा बराचसा रक्तपुरवठा पुढील बाजूच्या एकाच रोहिणीवर अवलंबून असतो. ती रोहिणी दबल्यास संवेदनेची लहर पडद्यावर सुरेख दिसत असतानाही रुग्णाचे पाय लुळे पडू शकतात. पार्श्ववक्रतेच्या ५१,२६३ शस्त्रक्रियांच्या, १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत लहर न बदलता निश्चित इजा झाल्याचे प्रमाण केवळ ०.०६३ टक्के आढळले. तथापि मेरुरज्जूच्या आतील अर्बुदांसारख्या (गाठींसारख्या) शस्त्रक्रियांत एवढ्यावर विसंबणे योग्य नव्हे.

ही उणीव प्रेरक उद्दीपित वर्चस् पद्धतीने भरून निघाली. मर्टन व मॉर्टन यांनी १९८० मध्ये कवटी न उघडता विजेच्या एका जोरदार स्पंदाने मेंदूचे प्रेरक क्षेत्र उद्दीपित करून दाखविले होते; परंतु भूल दिलेल्या रुग्णात एका स्पंदाने स्नायूंपर्यंत प्रतिसाद पोहोचत नसे. तानिगुची व सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये काही मिलिसेकंदांच्या अंतराने स्पंदांची लहानशी माळ देण्याची युक्ती काढली आणि पद्धत व्यवहारात आली. काहीशे व्होल्टच्या पाच-सहा स्पंदांनी हातापायांचे स्नायू आकुंचन पावतात व त्यांतील सुईसारखी विद्युत् अग्रे ते टिपतात. येथे सरासरीची गरज नसल्याने उत्तर तत्काळ मिळते. जबड्याचे स्नायूही आवळले जात असल्यामुळे दातांमध्ये मऊ गुंडाळी ठेवावी लागते. अन्यथा जीभ चावली जाते.

स्नायु-विद्युत् आलेखनात स्नायूंतील विद्युत् हालचाल अखंड नोंदवून ध्वनिक्षेपकावर ऐकवितात. तंत्रिका ओढली वा दाबली गेली की कडकडाट ऐकू येतो. मणक्यात बसविलेला स्क्रू हाडाची भिंत फोडून तंत्रिकामूळाजवळ गेला आहे का, हे त्या स्क्रूला वीज देऊन ठरवितात. सुमारे ६ ते ८ मिलिअँपिअरपेक्षा कमी प्रवाहाने पायाचा स्नायू हलला तर शंका घ्यावी. अवटू ग्रंथीच्या (गळ्यातील थायरॉइड ग्रंथीच्या) शस्त्रक्रियेत श्वासनलिकेत घातलेल्या नळीवरील विद्युत् अग्रे स्वरतंतूंना टेकलेली असतात. एका बाजूची स्वरयंत्र तंत्रिका दुखावल्यास आवाज घोगरा होतो, दोन्ही बाजूंच्या दुखावल्यास श्वास कोंडतो. म्हणून पहिल्या बाजूचा संकेत गेल्यास दुसऱ्या बाजूची शस्त्रक्रिया पुढे ढकलणे शहाणपणाचे असते. श्रवण तंत्रिकेसाठी कानात टकटक आवाज करून मस्तिष्क स्तंभातून दहा मिलिसेकंदांत उमटणाऱ्या पाच लहरी पाहतात.

शुद्धिहरणाचा प्रभाव : ही उपकरणे शुद्धिहरणतज्ञाच्या (भूलतज्ञाच्या) सहकार्यावाचून निरुपयोगी ठरतात. हॅलोथेन, आयसोफ्ल्युरेन यांसारखी हुंगविण्याची औषधे मेंदूतील प्रतिसाद दाबून टाकतात. स्नायू शिथिल करणारी औषधे प्रेरक प्रतिसाद नाहीसा करतात. म्हणून प्रोपोफॉल व अफूजन्य गटातील वेदनाशामक शिरेतून सतत देण्याची पद्धत श्रेयस्कर असते. रक्तदाब घसरला वा शरीर थंड पडले तरीही लहर खालावते व ते इजेसारखेच भासते. इशारा मिळताच रक्तदाब वाढविणे, औषधांची मात्रा तपासणे, निसटलेले विद्युत् अग्र शोधणे आणि शेवटचे पाऊल मागे घेणे, म्हणजे ताण सैल करणे वा स्क्रू काढणे, ही सर्व कामे काही मिनिटांत व्हावी लागतात. यंत्रासमोर प्रशिक्षित निरीक्षक नसल्यास यंत्र नसलेलेच बरे, असे म्हणावे लागते. कारण ते खोटा दिलासा देते.

तालुका पातळीवरील उपयोग : वर वर्णिलेली बहुमार्गी यंत्रे महाग असून ती मुंबई-पुण्यासारख्या शहरांतील मोठ्या रुग्णालयांतच आढळतात. परंतु या कुळातील सर्वांत लहान साधन, म्हणजे बॅटरीवर चालणारा तंत्रिका-उद्दीपक, कोणत्याही शस्त्रक्रियागृहात ठेवता येतो. त्याचे महत्त्व पुणे जिल्ह्यातील शिरूर व दौंड या तालुक्यांच्या उदाहरणाने स्पष्ट होईल. पुणे–अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) महामार्ग शिरूरवरून व पुणे–सोलापूर महामार्ग दौंड तालुक्यातून जातो. रांजणगाव व कुरकुंभ येथे औद्योगिक वसाहती आहेत. घोड व भीमा यांच्या खोऱ्यांत ऊस व दुभती जनावरे आहेत. दोन्ही गावे पुण्यापासून साधारणपणे ६५ ते ८० किमी. अंतरावर आहेत. अशा प्रदेशात तंत्रिकांच्या दुखापती मुख्यतः दोन प्रकारांनी होतात : कडबा कुट्टी यंत्र, कोयता, कारखान्यातील पत्रा यांमुळे मनगट वा दंड कापला जाऊन आणि दुचाकीवरून पडून.

कापलेल्या तंत्रिकेचा हाताकडील तुकडा मूळ पेशीपासून तुटला, तरी तो लगेच मरत नाही. सुमारे ७२ तासांपर्यंत त्याला अर्धा ते दोन मिलिअँपिअर प्रवाहाने उद्दीपित केल्यास संबंधित स्नायू हलतो. त्यामुळे तंत्रिकेतील कोणता जुडगा स्नायूचा व कोणता त्वचेचा, हे ओळखून योग्य टोके एकमेकांना शिवता येतात. तीन दिवसांनंतर ही खूण कायमची पुसली जाते व टोके केवळ दिसण्यावरून जुळवावी लागतात. यासाठी तीन पथ्ये आहेत : स्नायू शिथिल करणारे औषध देऊ नये, जखमेतच बधिरक टोचू नये आणि दंडावरील रक्तरोधक पट्टा वीस-तीस मिनिटांहून अधिक काळ आवळलेला असताना मिळालेल्या नकारात्मक उत्तरावर विश्वास ठेवू नये. जखम धुऊन, त्वचा शिवून ‘आठवड्याने पाहू’ असे सांगण्याने नेमका हाच अवधी वाया जातो. शिवणे तालुक्यास शक्य नसेल, तर त्याच दिवशी पुण्यास पाठविणे हाच उपचार समजावा.

दुचाकीच्या अपघातात खांदा खाली व मान विरुद्ध बाजूस ढकलली जाऊन भुज तंत्रिकाजाल (मानेतून हाताकडे जाणाऱ्या तंत्रिकांचे जाळे) ताणले वा उपटले जाते. येथे निकड तासांची नसून महिन्यांची असते. शस्त्रक्रियेत तंत्रिकामूळ उद्दीपित करून डोक्यावर प्रतिसाद मिळाला, तर मूळ मेरुरज्जूशी जोडलेले आहे असे समजते. न मिळाल्यास ते उपटले गेले असण्याचा संभव असतो व शेजारील दुसऱ्या तंत्रिकेची जोड द्यावी लागते. अखंड दिसणाऱ्या गाठाळ तंत्रिकेच्या एका बाजूस उद्दीपन देऊन दुसऱ्या बाजूस संकेत पोहोचतो का, हे पाहण्याची पद्धत अमेरिकन शस्त्रक्रियातज्ञ डेव्हिड क्लाइन यांनी रूढ केली. संकेत पोहोचल्यास तंत्रिका केवळ मोकळी करतात. न पोहोचल्यास गाठ कापून कलम करतात. तंत्रिका दिवसास सुमारे एक मिमी. या गतीने वाढते आणि तंत्रिकेविना राहिलेला स्नायू वर्ष-दीड वर्षात प्रतिसादक्षमता गमावतो. म्हणून आपोआप सुधारणा न दिसल्यास तीन ते सहा महिन्यांच्या आत शस्त्रक्रिया व्हावी. लुळ्या हाताला वर्षभर मालिश करून नंतर शहरात आलेल्या तरुणास उत्तम यंत्रही फारसे देऊ शकत नाही.

शुद्धिहरणतज्ञाला याच उद्दीपकाचा आणखी एक उपयोग असतो. स्नायू शिथिल करणाऱ्या औषधाचा अंमल उतरला आहे की नाही, हे पाहण्यासाठी मनगटाजवळील अंतःप्रकोष्ठिक तंत्रिकेला अर्ध्या-अर्ध्या सेकंदाने चार स्पंद देऊन अंगठ्याची हालचाल पाहतात. ही चौस्पंदी चाचणी अली, अटिंग व ग्रे यांनी १९७० मध्ये मांडली. चौथे आकुंचन पहिल्याच्या किमान ०.९ पट झाल्याशिवाय श्वासनळी काढणे सुरक्षित मानीत नाहीत, पूर्वी ०.७ पुरेसे समजत. अडचण अशी की, हे गुणोत्तर ०.४ च्या वर गेले की डोळ्यांना व बोटांना चारही आकुंचने सारखीच वाटतात. म्हणून अंगठ्याचा प्रवेग मोजून आकडा दाखविणारे उपकरण श्रेयस्कर होय. त्वचेवरून उद्दीपन देताना ४० ते ६० मिलिअँपिअर प्रवाह लागतो. तोच उद्दीपक त्याच मात्रेत उघड्या तंत्रिकेवर वापरल्यास तिला इजा होते. दोन्ही कामांसाठी एकच पेटी ठेवणाऱ्या रुग्णालयांनी तिच्या कमी प्रवाहाच्या टप्प्याची खात्री करून घेणे आवश्यक आहे.

जुना मधुमेह किंवा कुष्ठरोग असलेल्या रुग्णात तंत्रिकांचे संकेत मुळातच क्षीण असतात. कोपरामागील तंत्रिका जाड व हाताची दोन बोटे वाकडी असल्यास मनगटावरील चाचणी फसवी ठरते. अशा वेळी चेहऱ्यावरील तंत्रिका वापरतात, मात्र कुष्ठरोगात तीही आधी तपासून घ्यावी लागते. मोठ्या शस्त्रक्रियेसाठी रुग्णास शहराकडे पाठविताना त्याच्या हातापायांची शक्ती, बधिर भाग व इजेची तारीख-वेळ चिठ्ठीवर लिहिलेली असल्यास, शस्त्रक्रियागृहात दिसणारा बदल नवा की जुना, हे तेथील निरीक्षकास ठरविता येते. [⟶ तंत्रिका तंत्र; मेरुरज्जू; शुद्धिहरण].