अंडे स्वतःच कडी लावते

बेळगावजवळच्या कडोली गावातून समुद्र गाठायचा तर चोर्ल्याचा किंवा आंबोलीचा घाट उतरावा लागतो. खाली खडकाळ किनाऱ्यावर, ओहोटीच्या वेळी, कपारीत काट्यांचा गोळा दिसला तर अनवाणी पाय जपूनच टाकावा. हा सी अर्चिन, म्हणजे समुद्री साळिंदर. याचे नर-मादी आपल्या बीजपेशी थेट पाण्यात सोडतात. फलन शरीराबाहेर होते, त्यामुळे ते सूक्ष्मदर्शकाखाली पहिल्या क्षणापासून पाहता येते.

अंडे जेमतेम ०.१ मिलिमीटरचे, भोवती शुक्राणूंची झुंबड. एकाऐवजी दोन आत शिरले तर पेशीविभाजनाचा विचका होतो. पहिला शिरताच अंड्याच्या पटलावरचा विद्युतभार बदलतो, पण हा अडसर तात्पुरता. पक्का बंदोबस्त विकरांकडे, म्हणजे एन्झाइमांकडे. अंड्यात कॅल्शियमची लाट उठते आणि पृष्ठभागालगतच्या हजारो कणिका फुटतात. त्यांतले एक विकर बाहेरच्या आवरणाचे अंड्याशी असलेले बंध तोडते. आत पाणी शिरून मिनिटभरात आवरण सुटे होऊन वर उचलले जाते.

पण ते अजून मऊ असते. ते कडक करायला अंडे चक्क हायड्रोजन पेरॉक्साइड तयार करते! दवाखान्यात जखमेवर फसफसतो तोच हा पदार्थ. तिथे रक्तातले कॅटलेझ त्याचे पाणी आणि ऑक्सिजन करून टाकते. इथे ओव्होपेरॉक्सिडेझ नावाचे विकर त्याच्या बळावर आवरणातल्या प्रथिनांमधले टायरोसिन हे घटक एकमेकांना जखडते. हे विकर रसायनाने रोखले तर आवरण मऊच राहते. संशोधक गर्भ हाताळताना ही युक्ती सर्रास वापरतात. इतका जहाल पदार्थ स्वतःलाच बाधू नये म्हणून अंड्यात ओव्होथायॉल या संरक्षक रेणूचा साठाही असतो.

शास्त्रज्ञ ऑटो वॉरबुर्गने १९०८ साली दाखवले होते, की फलनानंतर अर्चिनचे अंडे एकाएकी कितीतरी जास्त ऑक्सिजन घेते. हा ऑक्सिजन वाढीच्या ऊर्जेसाठी लागत असणार, असे वाटणे साहजिकच. त्यातला मोठा वाटा पेरॉक्साइड बनवण्यात जातो, हे उमगायला सत्तरेक वर्षे गेली. अंड्याला आधी दार लावायची घाई असते, वाढ नंतर.

पुढे गर्भ काहीशे पेशींचा पोकळ गोळा होतो, अंगावरच्या केसांनी गरगर फिरू लागतो, आणि आता तेच आवरण आड येते. मग त्याच्या पेशी नवे विकर स्रवतात आणि आवरण विरघळते. आपल्या शरीरात कोलॅजेन हे प्रथिन तोडणारी विकरे याच कुळातली. संधिवातात सांध्यांची कूर्चा झिजते, त्यात त्यांचाही हात असतो.