फाटक जाण्यापूर्वी

रेल्वेच्या फाटकाशी उभे राहून येणाऱ्याजाणाऱ्या गाड्यांची छायाचित्रे टिपण्याचा छंद पुष्कळांना पोरकट वाटतो. पक्ष्यांची वा लेण्यांची छायाचित्रे काढणारा रसिक ठरतो; मालगाडीसाठी दोन तास उन्हात थांबणारा मात्र रिकामटेकडा! हा निवाडा अविचाराचा आहे. जे रोज डोळ्यांसमोर असते त्याचीच नोंद समाज सर्वांत कमी ठेवतो आणि ते नाहीसे झाल्यावर हळहळत बसतो. वऱ्हाडाने तरी ही गोष्ट विसरू नये.

खामगावचेच उदाहरण घ्यावे. 1861 ते 1865 या काळातील अमेरिकन यादवी युद्धामुळे तेथील कापूस लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि वऱ्हाडच्या कापसाला एकाएकी महत्त्व आले. मुंबईहून निघालेला लोहमार्ग 1867 मध्ये नागपूरला पोचला. परंतु खामगावला बगल देऊन तो जळंबवरून गेला. कापसाची ही मोठी बाजारपेठ मुख्य मार्गाला जोडण्यासाठी जळंब–खामगाव हा सुमारे 13 किलोमीटरचा फाटा बांधण्यात आला व 1870 मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांच्या हस्ते तो खुला झाला. एवढ्याशा मार्गासाठी खुद्द व्हाइसरॉयने यावे, यावरूनच त्या कापसाचे मोल ध्यानी येते. पण सरकारी इतिहासात व्हाइसरॉयचे नाव राहते; रुळांपाशी खोळंबणारे गाडीवान आणि फाटक उघडणारा माणूस यांची नावनिशाणी सहसा राहत नाही. ती राखण्याचे साधन आज साध्या विद्यार्थ्याच्याही खिशात आहे.

त्वरा करण्यासही कारण आहे. मूर्तिजापूर–यवतमाळ मार्गावरील ‘शकुंतला’ 1994 पर्यंत वाफेच्या इंजिनावर धावत होती. आज ते इंजिन केवळ छायाचित्रांत आणि वृद्धांच्या आठवणींत उरले आहे. अकोल्याहून मेळघाटातून खंडव्याकडे जाणारी मीटरगेज गाडीही गेली. आता पाळी फाटकांची आहे. ब्रॉडगेज मार्गांवरील बिनपहाऱ्याची फाटके जानेवारी 2019 अखेर संपुष्टात आली आणि पहाऱ्याच्या फाटकांच्या जागीही क्रमाने उड्डाणपूल व भुयारी मार्ग होत आहेत.

हे योग्यच आहे. फेब्रुवारी 2005 मध्ये नागपूरजवळ बिनपहाऱ्याच्या फाटकावर वऱ्हाडी मंडळींच्या ट्रॅक्टरला रेल्वेगाडीने धडक दिली आणि पन्नासहून अधिक माणसे प्राणास मुकली. डॉ. अनिल काकोडकर यांच्या अध्यक्षतेखालील रेल्वे सुरक्षा समितीने 2012 च्या अहवालात सर्वच फाटके पाच वर्षांत नाहीशी करावीत, अशी शिफारस केली होती. तेव्हा फाटकांसाठी गहिवर काढण्याचे प्रयोजन नाही. फाटक जावे, परंतु त्याची नोंद जाऊ नये, एवढेच म्हणणे आहे.

मात्र नोंद म्हणजे केवळ इंजिनाचे चित्र नव्हे. गाडी येण्यापूर्वी स्टेशनमास्तर व फाटकवाला यांच्यात दूरध्वनीवरून सांकेतिक अंकांची देवघेव होते. जेथे फाटक सिग्नलशी जोडलेले असते, तेथे ते बंद होऊन कुलूपबंद झाल्यावाचून गाडीला सिग्नल मिळत नाही. गाडी धडधडत जात असता फाटकवाला नुसता उभा नसतो. एखादे चाक तापलेले, एखादा भाग लोंबकळत असलेला दिसतो काय, हे तो पाहतो आणि धोका दिसताच लाल झेंडी दाखवतो. त्याची झेंडी, त्याची कोठडी, वर्दी नोंदवण्याची वही, बंद फाटकाशी थांबलेली एसटी, सायकलवरचे विद्यार्थी, रसवंतीची गाडी हे सारे त्या नोंदीत आले पाहिजे. इंजिनाचा नकाशा रेल्वेच्या कारखान्यात सापडेल. हे चित्र तेथे सापडणार नाही. फाटकवाल्याचे चित्र घेताना त्याची अनुमती घ्यावी आणि त्याच्या कामात व्यत्यय आणू नये, हे ओघानेच आले.

या छंदाची मर्यादाही स्पष्टपणे सांगितली पाहिजे. ताशी 110 किलोमीटर वेगाची गाडी एका सेकंदात सुमारे 30 मीटर अंतर कापते. कॅमेऱ्यात डोळा खुपसलेल्या माणसाला दुसऱ्या रुळावरून येणारी गाडी दिसत नाही, आणि चालकाने ब्रेक लावला तरी ती जागच्या जागी थांबत नाही. बंद फाटक उघडणाऱ्यास 1989 च्या रेल्वे अधिनियमात तीन वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद आहे. रुळांवर अनधिकृत प्रवेश हाही गुन्हाच. फाटकाबाहेर, रस्त्याच्या कडेला उभे राहून जे टिपता येईल तेवढेच टिपावे. चांगल्या छायाचित्रासाठी रुळांवर उतरणारा माणूस छांदिष्ट नव्हे, बेजबाबदार होय. आणि त्याच्या पायी ज्या चालकाच्या मनाला जन्माचा चटका बसतो, त्याचा विचार तर कोणीच करीत नाही.

शाळा-महाविद्यालयांनी हा छंद हाती घ्यावा. दिनांक, वेळ, फाटकाचा क्रमांक आणि गाडीचे नाव यांसह छायाचित्रे गावच्या वाचनालयात जमा व्हावीत. दिनांकावाचून चित्र ही शोभा असते. दिनांकासह ते दफ्तर होते. पन्नास वर्षांनी भुयारी मार्गातून क्षणार्धात पलीकडे जाणाऱ्या पिढीला, येथे माणसे गाडीची वाट पाहत थांबत आणि तेवढ्या वेळात एकमेकांची विचारपूस करीत, हे सांगायला दुसरा साक्षीदार उरणार नाही.