पुस्तके हरवली, बढती अडली

बोरी अरब, दारव्हा हा भाग संत गाडगेबाबा अमरावती विद्यापीठाच्या (स्थापना १९८३) कक्षेत येतो. इथल्या कॉलेजच्या ग्रंथपालाचे मूल्यमापनही विद्यापीठ अनुदान आयोगाच्या जुलै २०१८ च्या नियमांनुसारच. राज्याने ते ८ मार्च २०१९ च्या शासन निर्णयाने लागू केले.

हजेरी ९० टक्के किंवा जास्त असेल तर ‘चांगले’, ८० च्या खाली गेली की ‘असमाधानकारक’. चर्चासत्रे, संगणकीय नोंदी यांचेही निकष आहेत. खरी मेख ग्रंथ पडताळणीत. दाखल नोंदवही घेऊन एकेक कपाट तपासायचे; गहाळ पुस्तके अर्ध्या टक्क्याहून कमी निघाली तर ‘चांगले’, एक टक्का झाली की शेरा बिघडला. २०,००० पुस्तकांच्या ग्रंथालयात ही मर्यादा २०० पुस्तकांची. पडताळणीच केली नाही, तरी शेरा तोच. आणि बढतीसाठी हा निकष टाळता येत नाही.

वाचकांना कपाटे खुली ठेवणाऱ्याची पुस्तके जास्त हरवणार, हे उघड आहे. कुलूप लावून बसणारा मात्र इथे सहज पास! ग्रंथालयातील परिचरांसारख्या शिक्षकेतर कर्मचाऱ्यांना हे निकष लागू नाहीत. त्यांचा वेगळा गोपनीय अहवाल असतो.