पाहणाऱ्याची जागा

समाजाचा अभ्यास करणारा संशोधक लोकांमध्ये जाऊन राहतो, त्यांच्याशी बोलतो, त्यांचे व्यवहार पाहतो. या पद्धतीला क्षेत्रीय अभ्यास असे म्हणतात. परंतु संशोधक गावाला पाहत असतो, तसे गावही त्याला पाहत असते. त्याची जात, भाषा, पोशाख, तो कोणाच्या घरी उतरला आहे, या गोष्टींवरून त्याच्याशी किती मोकळेपणाने बोलायचे, हे लोक ठरवितात.

तमिळनाडूतील तंजावर भागाचे उदाहरण घेऊ. कुंभकोणम, तिरुप्पनंदाळ ही गावे याच भागातील. कावेरीच्या पाण्यावर भात पिकविणाऱ्या या प्रदेशावर सतराव्या-अठराव्या शतकांत भोसले घराण्याने राज्य केले. येथील जुन्या गावांत ब्राह्मणांच्या घरांची ओळ म्हणजे अग्रहार. ब्राह्मणेतरांच्या गल्ल्या वेगळ्या आणि आदि-द्राविड शेतमजुरांची वस्ती, म्हणजे चेरी, त्यांहून दूर.

समाजशास्त्रज्ञ आंद्रे बेतेई यांनी १९६१-६२ मध्ये या भागातील एका गावाचा अभ्यास केला. पुस्तकात त्यांनी गावाला ‘श्रीपुरम’ हे बदललेले नाव दिले. त्यांचे वडील फ्रेंच व आई बंगाली. तरीही त्यांना अग्रहारातील एका घरात राहण्याची परवानगी मिळाली. त्यामुळे ब्राह्मणांचे जीवन त्यांना जवळून पाहता आले. पण चेरीतील लोकांच्या दृष्टीने ते उत्तरेकडून आलेले आणखी एक ब्राह्मणच ठरले. जे दार उघडले, त्यानेच दुसरे दार अर्धवट लोटले. १९६५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात बेतेई यांनी ही मर्यादा स्वतःच नमूद केली. ब्राह्मणांविषयीच्या माहितीच्या तुलनेत इतरांविषयीची आपली माहिती उणी आहे, हे त्यांनी लपविले नाही.

महाराष्ट्रात इरावती कर्वे (१९०५-१९७०) यांनाही असाच अनुभव आला. पंढरीच्या वारीत त्या ब्राह्मण मंडळींसोबत चालत होत्या. दिवसभर एकत्र अभंग गाणारे वारकरी जेवायला मात्र जातवार वेगळे बसत. याचे त्यांना दुःख झाले. त्या मराठा स्त्रियांबरोबर जेवल्या, तेव्हा त्या स्त्रिया अधिक मोकळ्या झाल्या. ‘वाटचाल’ या लेखात त्यांनी वारीबरोबरच स्वतःचे स्थानही तपासले.

आपल्या ओळखीचा अभ्यासावर होणारा परिणाम असा सतत तपासत राहणे, यालाच आत्मचिकित्सा म्हणता येईल. त्यासाठी संशोधकाने आपल्या टिपणवहीत केवळ उत्तरे लिहून भागत नाही. कोण बोलले, कोण गप्प राहिले, त्या वेळी जवळ कोण उभे होते, हेही नोंदवावे लागते. मालकासमोर मजूर ‘सगळे ठीक आहे’ असे म्हणतो, तेव्हा त्या उत्तरात मालकाचाही वाटा असतो.

संशोधकाला आपली ओळख गावाच्या वेशीवर ठेवून आत जाता येत नाही. ती लपविली, तर गावातील एका गल्लीचे मत साऱ्या गावाचे मत म्हणून छापले जाते आणि चेरीचा आवाज पुस्तकाबाहेरच राहतो. उलट, आपण कोठे उभे राहून पाहिले हे प्रांजळपणे सांगितले, तर काय दिसले नाही, हेही वाचकाला कळते.