पाडव्याचा कामाचा दिवस

शके १८७०चा गुढीपाडवा शनिवारी, १० एप्रिल १९४८ रोजी आला. स्वतंत्र भारतातला तो पहिलाच पाडवा. सांगली संस्थान मुंबई प्रांतात विलीन होऊन जेमतेम महिना झाला होता आणि सांगली नावाचा जिल्हा अजून व्हायचा होता. पुढच्या वर्षी तो आधी ‘दक्षिण सातारा’ झाला, ‘सांगली’ हे नाव त्याला १९६०मध्ये मिळाले. या मुलखात पाडवा म्हणजे कामाच्या वर्षाची सुरुवात. सालगड्याचे नवे साल याच दिवशी ठरते, शेतकरी याच मुहूर्तावर औताला हात लावतो.

याच मुलखातली पोरे पिढ्यान्‌पिढ्या फौजेत जात आली. कुणी मराठा पलटणीत, तर कुणी खडकीला, बॉम्बे सॅपर्समध्ये. सॅपर म्हणजे फौजेपुढे रस्ता करणारा, पूल बांधणारा, सुरुंग काढणारा शिपाई. बंदूक त्याच्याकडेही असते, पण दिवसभर हातात असते ती पहार, कुदळ आणि फावडे.

त्या पाडव्याला बॉम्बे सॅपर्सचे सेकंड लेफ्टनंट रामा राघोबा राणे जम्मूतल्या नौशेरा–राजौरी रस्त्यावर होते. काश्मीरचे युद्ध चालू होते आणि राजौरीकडे निघालेल्या रणगाड्यांसाठी रस्ता मोकळा करायचे काम त्यांच्याकडे होते. गाव कारवारजवळचे चेंडिया, वय एकोणतीस. १९४० साली साधे शिपाई म्हणून भरती झालेले, ब्रह्मदेशात जपान्यांशी लढलेले आणि अधिकारी होऊन चार महिनेही न झालेले. त्यांच्या परमवीर चक्राच्या सन्मानपत्रात ८ ते ११ एप्रिल हे चार दिवस घड्याळाच्या वेळांसकट नोंदले आहेत. त्यातला पाडव्याचा दिवस मी इथे उलगडतो आहे.

पहाटे ४.४५

आदली रात्र अमावास्येची. चंद्र नाही, उजाडायला तासभर अवकाश. समोर रस्त्यावर पाच मोठे चीडवृक्ष आडवे पाडलेले, भोवती सुरुंग पेरलेले आणि या सगळ्यावर शत्रूच्या मशिनगनचा मारा. आदल्या संध्याकाळी सव्वासहाला इथपर्यंत पोचल्यावर राण्यांनी सुरुंग काढायला सुरुवातही केली होती. पण अंधार पडत चालला होता, म्हणून रणगाडा-तुकडीच्या प्रमुखाने रणगाडे सुरक्षित जागी मुक्कामाला नेले.

राणे कामाला लागले ते जखमी अंगाने. दोन दिवसांपूर्वी, आठ तारखेला सकाळी अकराला, नादपूर साउथजवळ त्यांची तुकडी रणगाड्यांपाशी थांबलेली असताना उखळी तोफांचे गोळे पडले. दोन जवान जागीच गेले, पाच जखमी झाले. त्या पाचांत राणे होते. त्यांनी उरलेली माणसे गोळा केली, कामे नव्याने वाटून दिली आणि सुरुवात केली. त्या रात्री ते दहापर्यंत खपत होते. नऊ तारखेला सकाळी सहाला पुन्हा हजर.

सुरुंग काढताना घाई केली की घात होतो. पोटावर पडून संगिनीचे टोक जमिनीत तिरपे, हलक्या हाताने खुपसत जायचे. सरळ वरून दाबले तर सुरुंगावरच भार येतो. टोकाला काही टणक लागले की थांबायचे. मग आजूबाजूची माती बोटांनी अलगद बाजूला करायची, चिखलात पडलेले नाणे शोधावे तशी. कडा दिसल्या की खाली दुसरा सापळा जोडलेला नाही ना, हे चाचपायचे आणि मगच तो उचलायचा. हे दिवसा, निवांत वेळीही घाम फोडणारे काम. इथे अंधार होता आणि डोक्यावरून गोळ्या जात होत्या.

राण्यांची एक गोष्ट आजही सांगतात. पुढे सरकणाऱ्या रणगाड्याच्या खाली, दोन पट्ट्यांच्या मधल्या जागेत ते सरपटत राहिले आणि चालकाला खुणा कळाव्यात म्हणून दोन दोर बांधून घेतले. एक ओढला की थांब, दुसरा ओढला की पुढे. रणगाड्याचे पोलाद हेच त्यांचे छप्पर, आणि चालकाने दोराची खूण चुकवली तर तेच मरण.

सकाळी ६.३०

पाच झाडे आणि त्यांच्याभोवतीचे सुरुंग पावणेदोन तासांत दूर झाले. रणगाड्यांचा एक छोटा गट तेवढा पाठीशी गोळीबाराला होता.

सूर्य नुकताच वर आला होता. गावाकडे या वेळी अंगणे सारवून झालेली असतात. वेळूच्या काठीला खण, कडुलिंबाचा डहाळा, साखरेची गाठी आणि वर पालथा तांब्या बांधून गुढी उभी राहत असते. राण्यांच्या तुकडीत आपल्याकडचे जवान होते. आज पाडवा, हे त्यांना आठवले असेल का? मला वाटते, आठवले असेल.

सकाळी १०.३०

पुढच्या हजार यार्डांत, म्हणजे किलोमीटरभराहून थोड्या कमी अंतरात, अडथळ्यांची नुसती रांग लागली होती. कुठे झाडे आडवी, कुठे रस्त्याची कडाच सुरुंगाने उडवलेली. घाटातला रस्ता खचला की काय होते, हे आंबेनळी आणि कुंभार्लीच्या माणसाला सांगायला नको. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला दरी. रस्ता गेला की सगळेच थांबते. अशा जागी डोंगर कोरायचा, माती-दगड टाकून वळण काढायचे, ते रणगाड्याचे वजन पेलेल असे दाबायचे. हे सगळे शत्रूला दिसत असताना. चार तासांत तेही झाले.

दुपारी २.००

रणगाडे रस्ता सोडून तवी नदीच्या पात्रात उतरले आणि पात्रातून पुढे निघाले. दोन वाजता ते जुनी मुघल सराई असलेल्या चिंगसला पोचले. लढाईच्या हिशेबात राण्यांचे काम इथे संपले होते. रणगाड्यांना आता रस्त्याची गरज नव्हती.

मला हा माणूस सगळ्यात मोठा वाटतो तो इथे. रणगाडा नदीच्या गोट्यांवरून जाईल, पण मागून येणारी लॉरी जाणार नाही. धान्य, पाणी, दारूगोळा, पेट्रोल, औषधे हे सगळे चाकांवरून येते आणि चाकांना रस्ता लागतो. पुढे गेलेल्या तुकडीला मागून रसद मिळाली नाही, तर तिने मिळवलेली जमीन तिच्याच गळ्याचा फास होते. सन्मानपत्र सांगते की रस्ता खुला होणे सर्वांत महत्त्वाचे, हे राण्यांनी ओळखले होते. म्हणून ते आघाडी सोडून मागच्या खडबडीत रस्त्यावरच थांबले आणि पुन्हा कामाला लागले.

गावाकडे या वेळी गुढीला पुरणपोळीचा नैवेद्य दाखवून पंगती उठलेल्या असतात. राणे आणि त्यांची माणसे मात्र उपाशी होती.

रात्री ९.००

दिवस मावळताना गुढी उतरवतात. त्यानंतरही दोन तास राण्यांचे काम चालूच होते. रात्री नऊपर्यंत अन्न नाही, विश्रांती नाही, असे सन्मानपत्रातच नोंदले आहे. पहाटे पावणेपाच ते रात्री नऊ, म्हणजे सव्वासोळा तास, आणि तेही अंगावरच्या दोन दिवसांपूर्वीच्या जखमेसकट.

दुसरा दिवस

अकरा तारखेला सकाळी सहाला ते पुन्हा रस्त्यावर. अकरा वाजता चिंगसपर्यंतचा रस्ता खुला झाला. तिथून पुढचा रस्ता साफ करत ते रात्री दहापर्यंत राबले. बारा तारखेला भारतीय फौज राजौरीत शिरली.

१९५० साली त्यांना परमवीर चक्र जाहीर झाले. हयातीत हा मान मिळालेले ते पहिले. बाकीची वर्षे त्यांनी फौजेतच काढली, मेजर म्हणून निवृत्त झाले आणि ११ जुलै १९९४ रोजी पुण्यात वारले.

त्यांच्या सन्मानपत्रात त्यांनी किती शत्रू मारले, याचा आकडा नाही. किती वाजता काम सुरू केले आणि किती वाजता रस्ता मोकळा झाला, एवढेच पुन्हा पुन्हा येते. देशातला सर्वोच्च युद्धसन्मान सुरुंग उचलणाऱ्या, झाडे हटवणाऱ्या, माती ओढणाऱ्या हातांना मिळाला, याचा मला फार अभिमान वाटतो. पाडव्याला आपल्याकडे औताची, अवजारांची पूजा होते. तेव्हा पहार आणि फावड्याला हळदकुंकू लावताना चिंगसच्या रस्त्यावरचा तो पाडवाही आठवावा.