दत्तक बालके आणि विस्मृत मातृभाषा : मराठीच्या पुनर्अध्ययनाचा विचार

कोल्हापूर परिसराला दत्तकविधान नवे नाही. १८८४ मध्ये कागलच्या घाटगे घराण्यातील यशवंतराव करवीरच्या गादीवर दत्तक गेले आणि शाहू छत्रपती झाले. नाव बदलले, घर बदलले; भाषा मात्र तीच राहिली. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात महाराष्ट्रातील संस्थांमधून, उदाहरणार्थ पुण्याच्या ससून रुग्णालयाच्या आवारातील 'श्रीवत्स'मधून, परदेशी गेलेल्या बालकांची भाषाही बदलली. या मुलांना पुढे मराठी शिकावीशी वाटल्यास तिचे अध्यापन कसे असावे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

लक्ष्मीकांत पांडे विरुद्ध भारत सरकार (१९८४) या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने परदेशी दत्तकविधानासाठी मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. मूल शक्यतो तीन वर्षांचे होण्यापूर्वी दत्तक जावे, म्हणजे ते नव्या वातावरणाशी लवकर समरस होईल, अशी त्यामागील भूमिका होती. ती बालहिताचीच होती; परंतु तिच्या ओघात भाषा विसरणे हेच समरसतेचे लक्षण ठरले. भारताने १९९२ मध्ये स्वीकारलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क संहितेचे विसावे कलम मात्र बालकाच्या भाषिक पार्श्वभूमीचीही दखल घ्यावयास सांगते. आज परदेशी कुटुंबांत प्रामुख्याने वयाने मोठी, भावंडांसह असलेली अथवा विशेष गरजा असलेली मुले जातात. म्हणजे त्यांपैकी अनेक मुले बोलती भाषा सोबत घेऊन जातात.

ही भाषा पुसली जाते की दडून राहते? फ्रान्समध्ये दत्तक गेलेल्या कोरियन मुलांच्या २००३ मधील अभ्यासात, प्रौढपणी कोरियन ऐकताना त्यांच्या मेंदूचा प्रतिसाद सामान्य फ्रेंच भाषकांहून वेगळा आढळला नाही. याउलट माँट्रियल येथील २०१४ च्या अभ्यासात, चिनी भाषेचा एकही शब्द न कळणाऱ्या दत्तक मुलींचा मेंदू चिनी सूरभेद चिनी भाषकांप्रमाणेच ग्रहण करताना दिसला. आपल्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा आहे तो लेहर सिंग व सहकाऱ्यांचा २०११ चा अभ्यास. भारतात जन्मून अमेरिकेत वाढलेल्या दत्तक मुलांना प्रारंभी दंत्य व मूर्धन्य ध्वनींतील भेद इतर अमेरिकन मुलांइतकाच अवघड गेला. अल्प प्रशिक्षणानंतर मात्र दत्तक मुलांना तो ओळखू येऊ लागला, इतरांना नाही. 'ताक' आणि 'टाक' यांतील भेद तो हाच.

यावरून अध्यापनाचा क्रम सुचतो. परदेशातील मराठी शाळा बहुधा घरी मराठी ऐकणाऱ्या मुलांसाठी असतात. तेथे मुळाक्षरांपासून आरंभ केला तरी निभावते. दत्तक मुलाच्या घरी मराठी नसते, आणि त्याची खरी शिदोरी कानात असते. शिवाय लिपी सर्व काही दाखवत नाही. 'चाक' आणि 'चार' यांतील दोन भिन्न 'च' देवनागरीत एकाच चिन्हाने लिहिले जातात. म्हणून प्रथम श्रवण, बडबडगीते आणि प्रत्यक्ष संभाषण, आणि त्यानंतर लेखन हाच क्रम प्रस्तुत लेखकास योग्य वाटतो.

स्वीडनमध्ये दत्तक मुलाच्या घरी ती भाषा बोलली जात नसली, तरी त्यास मातृभाषेचे शिक्षण देऊ करण्याची शालेय तरतूद आहे. तरतूद असली तरी दूरच्या गावी मराठीचा शिक्षक मिळणे कठीण. येथे आपल्या महाविद्यालयांतील मराठी विभागांना काही करता येईल. मूल परदेशी जाण्यापूर्वी त्याचा अहवाल तयार होतो; त्यात वजन-उंची असते, तशीच त्याची बोली, त्याला हाक मारण्याचे नाव, झोपताना ऐकलेली गाणी यांचीही नोंद व्हावी, आणि सांभाळणाऱ्या मावशींच्या आवाजाचे ध्वनिमुद्रण सोबत द्यावे. प्रमाण मराठीचा आग्रह या टप्प्यावर गौण आहे. पाठ्यपुस्तकातील मुलगी 'मी आले' म्हणते. राधानगरीतील मुलगी सहज 'मी आलो' म्हणते. जे मूल हेच ऐकत वाढले, त्याच्या कानाला ओळखीचे वाटेल तेही हेच.